स्कॅन झाले, दप्तर लागले नाही

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कागदपत्रांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : सगळे स्कॅन करा, क्लाउडवर टाका, काम संपले. साठवायला जागा स्वस्त आहे, शोधायला यंत्र आहे; मग वर्गवारी कशाला आणि नष्ट तरी का करायचे?

या मताला कोल्हापुरात आधार आहे, हे आधी मान्य करतो. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांपुढे गेली. धोक्याची पातळी 43 फूट. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर. भिजलेल्या वह्यांची पाने सोडवत बसलेल्याला दुसऱ्या गावी ठेवलेल्या प्रतीचे मोल सांगावे लागत नाही. पण त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की प्रत हवी. प्रत आहे म्हणजे दप्तर लागले, हे काही त्यातून निघत नाही.

फाउंड्रीचेच घ्या. भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाला हीट नंबर मिळतो. धातूतील घटक सांगणारा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट, कास्टिंग आणि ग्राहकाला दिलेले टेस्ट सर्टिफिकेट त्या एका नंबराने बांधलेले असतात. दोन वर्षांनी कास्टिंग तडकले, तर याच धाग्याने मागे जायचे. रिपोर्ट 'स्कॅन 0047' या नावाने पडून असेल, तर तो धागा तिथेच तुटतो. ड्रॉइंगचे दुखणे याहून मोठे. एकाच भागाची चार ड्रॉइंग : एक ईमेलमध्ये, एक पॅटर्नवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, दोन सर्व्हरवर. शोधयंत्र चारही समोर ठेवते. आज लागू कोणते, हे माणसाने ठरवून त्यावर सही केलेली असावी लागते. ती नसेल तर जुन्या मापाने ओतलेला माल पुन्हा भट्टीत जातो, आणि वीज, मजुरी, ग्राहकाचा भरवसा फुकट जातो.

'काहीच काढू नका' हा हट्टही टिकत नाही. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने, कंपनीची हिशेबपुस्तके 8 आर्थिक वर्षे. वाहनउद्योगाच्या आयएटीएफ 16949 मानकात भागाच्या मंजुरीची नोंद तो भाग उत्पादनात किंवा सर्व्हिसमध्ये असेपर्यंत, आणि वर एक कॅलेंडर वर्ष. प्रत्येक कागदाचे आयुष्य वेगळे आहे. शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेतू संपल्यावर माहिती पुसायला सांगतो. काम सोडून गेलेल्या कंत्राटी कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स कायम साठवणे हा मला सावधपणा वाटत नाही. ती त्या माणसांशी केलेली बेपर्वाई आहे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. सरकारी अभिलेखांत अ, ब, क, ड वर्ग आहेत. अ कायम जपायचा, ड लवकर नष्ट करायचा. सरकारी कार्यालयांच्या सहा गठ्ठा पद्धतीत एक गठ्ठा अभिलेख कक्षाकडे पाठवायचा, एक नष्ट करायचा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 वाचा : आधी वर्गवारी आणि सूची, मग संगणकीकरण, तेही योग्य त्या अभिलेखांचेच.

लहान कारखान्याला यासाठी वेगळा माणूस परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण माणूस लागतच नाही. स्कॅनिंगचे कोटेशन मागवण्याआधी एका वहीत चार रकाने आखावेत : कागदाचा प्रकार, त्याचा धनी, किती वर्षे, कुणाच्या सहीने नष्ट. दुसऱ्या रकान्यावर अकाउंट्सवाले आणि क्वालिटीवाले भांडतील. टेस्ट सर्टिफिकेटची खरी प्रत कुणाकडे, हे त्या भांडणातच ठरवून घ्यावे.