लष्करातील मोहल्ल्यांची नावे: गोट, कंपू, जिन्सी आणि बाडा

ग्वाल्हेर शहर तीन गावांचे मिळून झाले आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, पूर्वेकडे मुरार आणि दक्षिणेकडे लष्कर. आपल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती मुख्यतः लष्करात. पत्ता विचारला की आपण सहज सांगतो, 'निंबालकर की गोठ', 'जिन्सी नाला', 'कंपू', 'दानाओली'. ही नावे आली कुठून, असे मुलांनी विचारले तर मात्र पुष्कळ घरांत उत्तर मिळत नाही. हिंदी कोशात पाहिले तर भलताच अर्थ हाती लागतो. या नावांचा अर्थ जुन्या मराठीत आणि शिंद्यांच्या फौजेच्या व्यवस्थेत आहे.

छावणीचे शहर

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेर किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. त्या तळाला सगळे 'लष्कर' म्हणत. तळ पुढे हललाच नाही. राहुट्यांच्या जागी माती-विटांची आणि मग दगडी घरे उभी राहिली, तरी नाव 'लष्कर' हेच राहिले.

हा तळ त्याआधी कसा पडत असे, याचे वर्णन टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवले आहे. १८०९ साली तो दौलतरावांच्या फिरत्या छावणीबरोबर होता आणि त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. मुक्कामाची जागा आली की बिनीवाला पुढे जाऊन निशाण रोवी. ती महाराजांच्या डेऱ्याची जागा. मग एकेका बाजाराची निशाणे ठरलेल्या क्रमाने लागत आणि दुकानांच्या दोन रांगांमधून एक लांब रस्ता तयार होई. सरदारांचे तळ या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पडत. मुक्काम बदलला तरी कोण कुठे उतरणार हे बदलत नसे. आज आपण 'बिनीचा शिलेदार' म्हणतो, त्यातली 'बिनी' म्हणजे फौजेची ही आघाडी.

मध्ये महाराजांची जागा, तिच्याभोवती बाजार आणि बाजूंना सरदारांचे गोट, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून लष्कराच्या गल्ल्यांतून फिरले की पुष्कळ नावे आपोआप उलगडतात.

गोट

'गोट' म्हणजे सैन्याचा किंवा सरदाराचा तळ. लष्करात महाडिकांचा गोट होता, निंबाळकरांचा होता, चिटणिसांचाही होता. महाडिक आणि निंबाळकर ही सरदार घराणी. चिटणीस हा पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी. हा शब्द एकट्या ग्वाल्हेरचा नाही. साताऱ्यात 'पंताचा गोट' ही वस्ती आजही आहे.

हिंदी बोलण्यात 'गोट'चा 'गोठ' झाला आणि लिंगही बदलले. मराठीत 'तो गोट', इथे 'चिटनीस की गोठ'. मराठी माणसाला 'गोठ' वाचून गोठा आठवतो आणि या वस्तीत पूर्वी गुरे बांधत असतील, असा समज होतो. त्या समजाचे मूळ फक्त एका अक्षरात आहे.

बाडा

'महाराज बाडा' या नावाचेही तसेच झाले. मूळ शब्द 'वाडा'. जयविलास महाल १८७४ साली बांधून झाला. त्याआधी शिंद्यांचा राजवाडा इथेच, गोरखीत होता. छावणीतली महाराजांच्या डेऱ्याची जागा वाड्याने घेतली आणि सराफा व इतर बाजार त्याच्याभोवती वसले. हिंदीत 'बाड़ा' म्हणजे जनावरांचे कुंपण. म्हणून नव्या पिढीला राजवाड्याच्या चौकाला 'बाडा' का म्हणतात, याचे नवल वाटते. 'शितोले साहब का बाड़ा' म्हणजे शितोळे सरदारांचा वाडा, एवढाच त्याचा अर्थ.

कंपू

महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या फ्रेंच भाषक सेनानीकडून युरोपीय पद्धतीची कवायती पलटणे उभी करवली. अशा पलटणींच्या फौजेला मराठीत 'कंपू' म्हणत. शब्द युरोपीय भाषांतून आला, पण मराठी कागदपत्रांत तो पूर्ण रुळला होता. लष्करातील 'कंपू' आणि 'सिकंदर कंपू' या वस्त्यांच्या नावांत तो टिकून आहे.

महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत आज 'अमुक नेत्याच्या गोटात खळबळ' असे छापून येते आणि 'कंपू' म्हणजे आपापल्या लोकांचे टोळके असा अर्थ होतो. दोन्ही शब्दांचा फौजी अर्थ तिकडे मागे पडला. ग्वाल्हेरात मात्र याच शब्दांवर आजही पत्र येते आणि रिक्षा थांबते.

जिन्सी, हुजरात, खासगी

'जिन्सी' हा शब्द 'जिन्नस' या शब्दाच्या कुळातला. फौजेत तो तोफखाना आणि त्याचे सामानसुमान यांच्यासाठी वापरत. जिन्सी नाला क्रमांक एक, दोन, तीन अशा वस्त्या लष्करात आहेत. इंदूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही 'जिन्सी' आहे. नातेवाइकांकडे गेल्यावर तिथे हे नाव दिसले तर तो योगायोग समजू नये; फौजेचा हा शब्द अनेक शहरांना ठाऊक होता.

'हुजरात' म्हणजे खुद्द धन्याच्या हुजुरातीतील घोडदळ. सरदारांच्या पथकांपेक्षा हे वेगळे असे. हुजरात पूल आणि तिथली मंडई यांच्या नावांत ते उरले आहे. 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा स्वतःचा खर्च आणि मालमत्ता पाहणारे खाते. खासगी बाजार या नावातला 'खासगी' हाच.

ओळी, बाजार आणि गंज

'दानाओली' म्हणजे दाण्याची, धान्याची ओळ. दुकानांच्या रांगेला 'ओळ' म्हणण्याची रीत नागपूरच्या इतवारीतही आहे. तिथे सराफा ओळी आणि लोहा ओळी आहेत. 'फालका बाजार' हा फाळके सरदारांच्या नावाचा. याच घराण्यातील आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाही इतिहासाची साधने' हे खंड ग्वाल्हेरात संपादित केले. 'पाटनकर बाजार' हा पाटणकरांचा. देवनागरी तीच असली तरी हिंदीत 'ळ' आणि 'ण' यांची जागा 'ल' आणि 'न' घेतात. त्यामुळे फाळक्यांचा फालका होतो आणि आडनाव ओळखू येईनासे होते.

गंज म्हणजे बाजारपेठ. दौलतगंज, जनकगंज, माधवगंज आणि जिवाजीगंज या नावांत दौलतराव, जनकोजी, माधवराव आणि जिवाजीराव दिसतात. दौलतरावांच्या मागे १८२७ ते १८३३ राज्य चालवणाऱ्या, कागलच्या घाटगे घराण्यातील बैजाबाईंचे नाव बैजातालाने जपले आहे.

लष्करातली सगळीच मराठी नावे सरदारांची आणि राजांची नाहीत. 'ढोलीबुआ का पुल' हे नाव ढोलीबुवांच्या मठामुळे. याच परंपरेतील हरिकथेने तानसेन समारोहाची सुरुवात करण्याचा प्रघात आहे.

फौज गेली, नावे राहिली

२९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार या दोन ठिकाणी ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. पुढच्या वर्षीच्या तहाने शिंद्यांचे सैन्य कमी करण्यात आले आणि मुरारला इंग्रजांच्या ताब्यातील फौजेची छावणी झाली. ज्या पथकांमुळे मोहल्ल्यांना नावे मिळाली, ती पथके मोडली तरी लोकांनी नावे सोडली नाहीत.

आज धोका निराळा आहे. वाडे विकले जातात, वाटण्या होतात, जागी बहुमजली इमारत येते आणि तिला नवेच नाव मिळते. अर्जावर वॉर्ड क्रमांक आणि पिनकोड पुरतो. मोहल्ल्याचे नाव एकदा कागदावरून गेले की पुढच्या पिढीच्या तोंडूनही जाते. जे उरते त्याचा अर्थ सांगणारी माणसे कमी होत आहेत, कारण त्यासाठी लागणारी मराठी घरातच बोलली तर टिकते.

यावर आपल्या हातातले काही उपाय आहेत:

- लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिकांवर, घराच्या पाटीवर मोहल्ल्याचे मूळ रूप लिहावे: 'निंबाळकरांचा गोट', 'शितोळ्यांचा वाडा', 'फाळके बाजार'.
- सरकारी कागदांवर रूढ हिंदी रूपच ठेवावे, म्हणजे पत्त्यात घोळ होणार नाही. पण मुलांना दोन्ही रूपे सांगावीत.
- घरातली जुनी खरेदीखते, पाकिटे, पत्रिका आणि मोडी कागद रद्दीत घालू नयेत. नाव शंभर वर्षांपूर्वी कसे लिहीत होते, हे त्यांवरूनच कळते.
- ज्येष्ठांना आपल्या गल्लीत कोणाचा वाडा कुठे होता, हे विचारून वहीत उतरवून ठेवावे आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीखही लिहावी.