पियानोचें पहिलें पुस्तक

मुलाला पियानो शिकवावयाचा असें घरांत एकदां ठरलें, कीं दुसरा प्रश्न लागलीच उभा राहतो : पुस्तक कोणतें घ्यावें? दुकानांत अशीं पुस्तकें ढिगानें असतात. कांहींवर रंगीत चित्रें असतात, कांहींवर ‘सुलभ’ हा शब्द ठळक छापलेला असतो, आणि आपलीच पद्धति सर्वांत सोपी असें तर प्रत्येकच कर्ता सांगत असतो. पण ही अडचण कांहीं आजची नव्हे. पहिल्या पुस्तकाला तीनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे निवड करणें पुष्कळ सोपें जातें.

फ्रान्स्वा कूपराँ हा फ्रान्सच्या राजदरबारांतील वादक. राजघराण्यांतील मुलांनाहि तो शिकवीत असे. सन १७१६ मध्यें त्यानें हार्पसिकॉर्ड वाजविण्याच्या कलेवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पियानोचा जन्म त्यापूर्वींच, १७०० च्या सुमारास, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीच्या हातून झालेला होता. पण त्याचा प्रसार अजून व्हावयाचा होता. हार्पसिकॉर्डमध्यें तार छेडली जाते, पियानोमध्यें तिच्यावर लहानशी हातोडी पडते. पट्ट्यांची मांडणी मात्र दोहोंत एकच. म्हणून पियानोच्या शिक्षणाची कथा येथूनच सुरू करावी लागते.

कूपराँचें म्हणणें असें, कीं मुलांना सहासात वर्षांच्या वयीं आरंभ करावा आणि त्यांचे पाय अधांतरीं लोंबूं नयेत म्हणून खालीं आधार द्यावा. नवशिक्यानें शिक्षकाच्या गैरहजेरींत वाद्याला हात लावूं नये, हा त्याचा कटाक्ष. पाऊण तास खपून शिक्षकानें जें बसविलें, तें मूल एका क्षणांत बिघडवून टाकील या भीतीनें तो वाद्याची किल्लीच आपल्याबरोबर घेऊन जाई. आणखी एक गोष्ट तो बजावून सांगतो. कांहीं रचना बोटांत नीट बसल्याखेरीज मुलाला स्वरलिपि शिकवूं नये. कारण नजर कागदाकडे लागली कीं बोटें विसकटतात. पुस्तकाचा कर्ताच ‘आरंभीं पुस्तक नको’ असें सांगतो, हें वाचून आज नवल वाटेल. परंतु गुरूच्या तोंडून सरगम आणि अलंकार घोकणाऱ्या आपल्याकडील शिष्याला त्यांत अपरिचित असें कांहींच नाहीं. कूपराँचें पुस्तक मुलासाठीं नव्हतेंच. तें शिकविणारासाठीं होतें.

मुलासाठीं लिहिलेलें पुस्तक पाहावयाचें तर जर्मनींत जावें लागतें. कोथेन येथें २२ जानेवारी १७२० रोजीं योहान सेबास्टियन बाख यानें आपला वडील मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठीं एक वही सुरू केली. मुलगा तेव्हां नऊ वर्षांचा होता. वहीच्या पहिल्या पानांवर स्वरांचीं नांवें व खुणा आहेत, नंतर स्वरालंकारांचें एक कोष्टक आहे, आणि त्यामागून एक चिमुकली रचना आहे. तिच्यांत कोणत्या स्वरावर कोणतें बोट ठेवावें याचे आंकडे बापानें स्वतः घातलेले आहेत. पुढें मुलगा जसजसा तयार होत गेला, तसतशा कठीण रचना वहींत येत गेल्या. कांहीं पानांवर तर मुलाचेंच अक्षर आहे. याच वहींतील कांहीं रचना बाखनें पुढें संस्कारून आपल्या संग्रहांत घेतल्या, आणि त्या आज जगभर शिकविल्या जातात. पण मूळांत ती एका मुलाची वही होती. धडा कोठें थांबवावा आणि कोठें पुढें न्यावा, हें समोर बसलेल्या मुलाच्या हातांकडे पाहून ठरत होतें. छापील पुस्तकाला नेमकी हीच गोष्ट करतां येत नाहीं, आणि त्याचा पुढील सारा इतिहास म्हणजे ही उणीव भरून काढण्याचे निरनिराळे प्रयत्न होत.

पहिला मोठा प्रयत्न बाखच्याच घरांतून झाला. दुसरा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल हा प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या पदरीं होता. त्यानें वादनाच्या खऱ्या पद्धतीवरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग १७५३ मध्यें व दुसरा १७६२ मध्यें प्रसिद्ध केला. आपल्या वडिलांच्या तरुणपणीं मोठमोठे वादकहि आंगठ्याचा उपयोग क्वचितच करीत, ही गोष्ट त्यानें नमूद करून ठेवली आहे. आंगठा इतर बोटांच्या खालून सरकवावयाचा आणि हात पुढें न्यावयाचा, ही आज प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षींच शिकविली जाणारी युक्ति त्या काळीं नवी होती. या ग्रंथानें तिला शास्त्राचें रूप दिलें. पुढें सुमारें अर्ध्या शतकानें व्हिएन्नांत दहा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचा बाप बेथोव्हेनकडे आला, तेव्हां बेथोव्हेननें हाच ग्रंथ मिळवून आणावयास सांगितलें. तो मुलगा कार्ल चेर्नी. यानेंच पुढें फ्रान्त्स लिस्टला शिकविलें, आणि त्याच्या अभ्यासपाठांनीं नंतरच्या कित्येक पिढ्यांचीं बोटें तयार केलीं. परंतु बेथोव्हेननें नुसता ग्रंथ दिला नाहीं; शिकवावयास तो स्वतः बसला होता, हें विसरतां कामा नये.

एकोणिसाव्या शतकांत परिस्थिति पालटली. पियानो मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत आला. वाद्यें वाढलीं, त्या मानानें चांगले शिक्षक वाढले नाहींत. लंडनमध्यें मूत्सियो क्लेमेंती हा वादक, रचनाकार आणि शिक्षक तर होताच. शिवाय पियानो तयार करण्याचा आणि संगीताचीं पुस्तकें छापण्याचा त्याचा व्यवसायहि होता. सन १८०१ मध्यें त्यानें पियानोवादनाची प्रवेशिका काढली. तिच्यांत आरंभीं संगीताचीं मूलतत्त्वें आहेत, आणि पुढें जुन्यानव्या नामांकित रचनाकारांचे पन्नास धडे बोटांच्या आंकड्यांसह दिलेले आहेत. नवशिक्याला कृत्रिम कवायतीवर न ठेवतां प्रथमपासून खरें संगीत द्यावें, हा या पुस्तकाचा मोठा गुण. बेथोव्हेननें आयुष्याच्या अखेरच्या काळांत आपल्या मित्राच्या मुलासाठीं, गेरहार्ड फॉन ब्रॉयनिंगसाठीं, हेंच पुस्तक मागविलें होतें.

पुस्तक आणि शिक्षक यांची ताटातूट झाली म्हणजे काय होतें, याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण फेर्डिनांड बायर याच्या पुस्तकाचें आहे. जर्मनींतील या रचनाकाराचें बालकांसाठीं लिहिलेलें पुस्तक १८५० च्या सुमारास माइंत्स येथून निघालें. त्यांत १०६ धडे आहेत. आरंभीच्या धड्यांत शिष्यानें सोपे स्वर वाजवावयाचे आणि शिक्षकानें शेजारीं बसून साथ करावयाची, अशी गोड योजना आहे. प्रस्तावनेंत बायरनें आपला हेतु स्पष्ट केलेला आहे. ज्यांना स्वतःला थोडेंफार वाजवितां येतें अशा आईबापांनीं, खरा शिक्षक नेमण्यापूर्वीं, आपल्या कोवळ्या वयाच्या मुलांना सुरुवात करून द्यावी, यासाठीं तें पुस्तक होतें. उंबरठा ओलांडण्यापुरतें तें होतें. सारें घर म्हणून तें बांधलेलें नव्हतें.

पुढें १८७९ मध्यें जपान सरकारनें पाश्चात्य संगीताच्या अभ्यासासाठीं एक मंडळ नेमलें, आणि १८८० मध्यें बोस्टनचे शिक्षक ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांना बोलावून घेतलें. त्यांच्याबरोबर बायरचें पुस्तक जपानांत पोंचलें. शिकविणारे मूठभर आणि शिकणारे असंख्य, अशा त्या देशांत हा मोठाच आधार ठरला. जपानांत पियानोचें शिक्षण रुजलें याचें श्रेय या पुस्तकाला दिलेंच पाहिजे. पण प्रस्तावना मागें पडली आणि धडे तेवढे राहिले. सुमारें शंभर वर्षें बायर म्हणजेच आरंभ, असें समीकरण तेथें होऊन बसलें. बालशिक्षिकांची परीक्षासुद्धां त्याच धड्यांवर घेतली जाई. या पुस्तकांत दोन्हीं हातांचे स्वर दीर्घकाळ उंच स्वरांच्याच चिन्हांत, म्हणजे ट्रेबल क्लेफमध्यें, लिहिलेले आहेत. खर्जाच्या स्वरांचें चिन्ह पुष्कळ उशिरां येतें. बहुतेक धडे सी मेजर या सोप्या स्वरसप्तकाच्या आसपासच फिरतात. एकदोन वर्षांच्या ओळखीपुरतें हें ठीक. पण तेंच सर्वस्व झालें, तर डावा हात वाचनांत मागें राहतो आणि काळ्या पट्ट्यांची भीति बसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपानी शिक्षकांनींच हे दोष दाखविले, आणि दुसरीं पुस्तकें पुढें आलीं. दोष खरे होते. पण त्यांतील मोठा वांटा पुस्तकाचा नव्हता, तर तें आंधळेपणानें वापरण्याचा होता.

याच्या अगदीं उलट वाट दोन थोर रचनाकारांनीं धरली. रॉबर्ट शूमान याला मुलांच्या हातीं पडणाऱ्या नेहमींच्या नीरस रचना आवडेनात. त्याची वडील मुलगी मारी हिचा सातवा वाढदिवस १८४८ च्या सप्टेंबरांत होता. तिच्यासाठीं त्यानें कांहीं लहान रचना लिहिल्या, आणि त्यांतूनच ४३ रचनांचा ‘बालसंग्रह’ तयार झाला. हंगेरींत बेला बार्तोकनें १९१३ मध्यें शांदोर रेशोफ्स्की यांच्या जोडीनें पियानोची एक प्रवेशिका लिहिलेली होती. पण आपला धाकटा मुलगा पेटर शिकूं लागला, तेव्हां तयार पुस्तक समोर न ठेवतां तो मुलासाठीं धडे स्वतः लिहूं लागला. त्यांची भर पडून सहा भागांचा, १५३ रचनांचा ‘मिक्रोकोस्मोस’ १९४० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील अगदीं पहिल्या धड्यांत दोन्हीं हात एकच चाल बरोबर वाजवितात. म्हणजे डाव्या हाताला पहिल्या दिवसापासून उजव्याइतकाच मान आहे. दोनशें वर्षांपूर्वींची कोथेनची वही येथें पुन्हां उघडलेली दिसते.

याच काळांत अमेरिकेंत दुसराच प्रश्न प्रमुख झाला : मुलाला स्वरलिपि वाचावयास कशी शिकवावी? जॉन थॉम्प्सन यांचें १९३६ मधील पुस्तक अतिशय लोकप्रिय झालें. पियानोच्या मध्यावरील सी या स्वरावर दोन्हीं आंगठे ठेवावयाचे आणि तेथून दोहों बाजूंना एकेक स्वर शिकत जावयाचें, अशी त्याची रीत. सुरुवात सुटसुटीत होते, पण एक धोका राहतो. मूल स्वर न ओळखतां बोटांचे आंकडेच वाचतें, आणि हात जागचा हलला कीं गोंधळतें. फ्रान्सिस क्लार्क यांनीं १९५५ मध्यें वेगळी वाट दाखविली. मुलानें प्रथम काळ्या पट्ट्यांवर, रेघांशिवाय, वर चढणें आणि खालीं उतरणें ओळखावें. मग पांच रेघांवरील दोनतीन ठळक स्वर मैलाच्या दगडांप्रमाणें लक्षांत ठेवून बाकीचे स्वर त्यांपासूनच्या अंतरानें वाचावे. पुढें निघालेल्या कित्येक पुस्तकांवर या विचाराची छाया पडलेली आहे.

हा सारा प्रवास पाहिला म्हणजे दुकानांत उभें राहून पुस्तक कसें पारखावें, हें आपोआप उमगतें. प्रथम प्रस्तावना वाचावी, आणि पुस्तक कोणासाठीं लिहिलें आहे तें पाहावें. सहा वर्षांच्या बालकाचें पुस्तक प्रौढ विद्यार्थ्याला कंटाळवाणें होतें, आणि प्रौढाचें पुस्तक बालकाला चढणासारखें वाटतें. नंतर मधलीं पानें उघडावीं. डाव्या हाताला काम केव्हां मिळतें? खर्जाचे स्वर कधीं येतात? हात एकाच जागीं खिळून राहतो कीं फिरतो? काळ्या पट्ट्या किती उशिरां दिसतात? प्रत्येक स्वरावर बोटाचा आंकडा छापलेला असेल, तर तें पुस्तक वाचन शिकवीत नाहीं असें खुशाल समजावें. शेवटीं, त्यांतील चाली मुलाला गुणगुणतां येतील अशा आहेत कीं नाहींत, हें पाहावें. जी चाल गळ्यांत बसत नाहीं, ती बोटांतहि फार दिवस राहत नाहीं.

पुस्तक घेतल्यावर तें वापरण्याचीहि रीत आहे. धडा प्रथम शिक्षकानें वाजवून दाखवावा, मुलानें ऐकावा, टाळी देऊन त्याची लय धरावी, आणि मगच कागद समोर यावा. कूपराँच्या उपदेशाचें सार एवढेंच आहे. एकेक हात वेगळा बसवून नंतर दोन्हीं जुळवावे. एखादें बोट मुलाच्या लहान पंजाला सोयीचें नसेल, तर पेन्सिलीनें बदलावें. छापील आंकडा कांहीं वेदवाक्य नव्हे. पुस्तक संपविणें हें ध्येय धरूं नये. बसलेला धडा दुसऱ्या स्वरापासून वाजवून पाहावा, आणि मधूनमधून मागील सोप्या धड्यांकडे वळावें.

आणि दुकानांतून निघतांना त्या पुस्तकाबरोबर स्वररेघा आंखलेली एक कोरी वहीहि अवश्य घ्यावी. आज धड्यांत मूल कोठें अडलें आणि उद्यां त्याला काय द्यावयाचें, हें शिक्षकानें तिच्यांत लिहीत जावें. छापील पुस्तक हजारों मुलांसाठीं एकच असतें; त्या एका मुलाचें पुस्तक मात्र या वहींतच तयार होतें.