सरवा

पॅरिसच्या १८५७ च्या सालाँ प्रदर्शनात ज्याँ फ्रान्स्वा मिले याचं सरवा वेचणाऱ्या बायांचं चित्र लागलं आणि शहरातली बडी मंडळी बिथरली. चित्रात आहे काय? गहू कापून मोकळं झालेलं रान. दोघी कमरेतून पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. लांबवर गंज्या, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा राखणदार. पण १८४८ ची क्रांती कुणी विसरलं नव्हतं. गरीब बाया एवढ्या ठसठशीत, ऐन पुढे काढलेल्या या बड्या मंडळींना खपल्या नाहीत. मिले स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, १८४९ पासून बार्बिझोन या खेड्यात राहिलेला. शेतातलं काम त्याला ठाऊक होतं.

बीड जिल्ह्यात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. रब्बीची ज्वारी काढून झाली, पेंढ्या उचलल्या, की मागे राहिलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचायला भूमिहीन घरच्या बाया-पोरी रानात शिरत. भुईमूग उपटल्यावर खुरप्यानं माती उकरून शेंगा काढत. कापसातही तेच.

फ्रान्समध्ये या वेचण्याला कायद्याचा आधार होता. १५५४ च्या राजाज्ञेनं सरवा म्हातारे, अपंग, लहान मुलं यांच्यासाठी राखला होता. बीडमध्ये, निजामाच्या काळात आणि नंतरही, सगळं चाललं ते रीतीवर आणि मालकाच्या मनावर.

आणि रीत नेमकी गरजेच्या वेळी तोकडी पडते. १९७२ च्या दुष्काळात पीकच नव्हतं, तर सरवा कुठला? माणसं खडी फोडायला सरकारी कामांवर गेली. पुढे १९७७ च्या कायद्यानं ग्रामीण भागात मागेल त्याला काम हा हक्क लेखी झाला. इथल्या सरव्याला तसं लेखी रूप कधी मिळालं नाही.

आज बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. साखर कारखान्याची, तोडणाऱ्याच्या वाट्याला मजुरीखेरीज येतात उसाचे वाढे, बैलांना घालायचे, उरले तर विकायचे. जुन्या सरव्याचं हे आजचं रूप.

मिलेचं चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात जपलेलं आहे. बीडमध्ये सरवा कुणी वेचायचा, रानात कधी शिरायचं, किती न्यायचं, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आज्या अजून गावोगावी आहेत. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी त्यांच्याकडून ते लिहून घ्यावं, आणि याच वर्षी घ्यावं.