धाव ते टायर : बारामती-इंदापूरच्या मातीतले चाक

१/
बारामतीतल्या टायरच्या दुकानात नवी फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊन आलेला तरुण आज एक प्रश्न हमखास विचारतो : कंपनीने दिलेले हायवेचे टायर ठेवावेत, ऑल-टेरेन घ्यावेत, की थेट मड-टेरेन? गाडी नवी आहे. प्रश्न मात्र या दोन तालुक्यांत जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे. इथल्या काळ्या मातीत कोणते चाक चालते आणि त्या चाकाची किंमत प्रत्यक्षात कोण मोजते, याचा हा धागा.

२/
पेशवाईच्या अखेरीस देशावरचा दूरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जात असे. वंजारी-लमाणांचे तांडे धान्य घेऊन घाट उतरत आणि मीठ घेऊन परतत. गाडे होते, पण ते गावापुरते. भरीव चाकांचा तो अवजड सांगाडा भरल्यावर ओढायला सहा-आठ बैल लागत. शेतातला कडबा आणावा, बांधकामाचे दगड वाहावेत, एवढाच त्याचा उपयोग. एकट्या शेतकऱ्याला तो परवडतही नसे.

३/
१८३६ मध्ये इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. प्रिंगलने ठरवलेल्या अवास्तव साऱ्यामुळे जमिनी ओस पडल्या होत्या. त्या दुरुस्त करण्यासाठी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी नवी पाहणी केली, तिची सुरुवात इंदापुरातून झाली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया तो हाच. या पद्धतीत मातीच्या प्रतीबरोबर बाजारपेठेचे अंतरही विचारात घेतले जाई. म्हणजे शेतमाल बाजारापर्यंत पोहोचतो कसा, हा आता सरकारच्याही हिशेबाचा भाग झाला.

४/
याच पाहणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्डने, इंदापूरहून भीमेपलीकडे असलेल्या टेंभुर्णीत, सुधारित गाड्या बनवून घ्यायला सुरुवात केली. आऱ्यांची हलकी चाके, एका बैलजोडीने ओढता येईल असा बांधा आणि साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली किंमत, ही त्यांची वैशिष्ट्ये. पुढे १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली रेल्वे दिकसाळपर्यंत आली आणि गाडीला पोहोचण्यासाठी नवे ठिकाण मिळाले. तीस वर्षांनी फेरपाहणी झाली, तेव्हा नांगर आणि विहिरींच्या बरोबरीने गाड्या मोजल्या गेल्या. गाडी ही सुबत्तेची खूण ठरली होती.

५/
या गाडीचे चाक म्हणजे सुतार आणि लोहार यांची भागीदारी. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे; लाकूड बहुधा बाभळीचे. त्यावर लोखंडी पट्ट्याचे कडे चढे. त्याचे नाव ‘धाव’. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करत. गोवऱ्यांच्या जाळात ती तापून फुगली की चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे चाक आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली पडली, तर चाके पाण्यात भिजत ठेवत. आज टायरची हवा तपासावी, तितकीच ती नित्याची गोष्ट होती.

६/
ॲक्सेसरीजही होत्या. कण्याला लावायच्या वंगणाचा नळा गाडीला टांगलेला असे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण त्याचीच. गाडा पंढरीला निघाला की नळ्यालाही आपसूक यात्रा घडते. सोबत दोर, उतारावर चाकामागे लावायचा दगड, पोते. गाडी चिखलात रुतली की चाकाखाली बाभळीच्या फांद्या किंवा पोते सरकवत आणि पुढे दुसरी बैलजोडी जुंपत. आजचे रिकव्हरी बोर्ड आणि विंच यांचे काम याहून वेगळे नाही.

७/
पण खरी परीक्षा मातीची. दख्खनच्या काळ्या मातीतले चिकणद्रव्य पाणी शोषून फुगते आणि सुकताना आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला लोण्यासारखी चिकटते. अरुंद लोखंडी धाव कोरड्या, कठीण जमिनीवर छान चालते. ओल्या रानात मात्र सारा भार चिंचोळ्या पट्टीवर येतो आणि चाक सुरीसारखे आत शिरते. त्या खाचेतून पुढची गाडी, मग तिच्यामागची. यातून जी वाट पडते, तिला मराठीत ‘चाकोरी’ म्हणतात.

८/
पाऊस कमी असल्याने वर्षातला बराच काळ ही माती कोरडीच राही. कालव्याने ते चित्र बदलले. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम सुरू झाले आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. येळवंडीवरच्या भाटघर धरणाचा साठा वीरच्या बंधाऱ्यातून पुरंदर, बारामती आणि इंदापूर असा फिरू लागला. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. पण अतिपाण्याने जमिनी खाऱ्याही होऊ लागल्या. हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, इतका तो प्रश्न वाढला होता.

९/
ऊस हे गाडीच्या दृष्टीने सर्वांत अवघड पीक. ते जड असते, तोडल्यानंतर थांबत नाही, आणि उभे असते पाणी दिलेल्या मऊ रानात. म्हणजे एकाच फेरीत चाकाला आधी चिखल आणि मग खडीचा रस्ता. शेतात धाव जमीन कापत होती. रस्त्यावर आल्यावर तीच धाव खडी फोडत होती. चाक एक, पण दोन्हीकडे नुकसान दुसऱ्याचेच.

१०/
मोटारी वाढल्या तसा हा प्रश्न चिघळला. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवरच्या कराचा काही भाग रस्त्यांसाठी राखून ठेवणारा केंद्रीय निधी १९२९ मध्ये उभा राहिला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९४३ मध्ये नागपुरात जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी देशव्यापी आराखडा केला. लोखंडी धावेपासून रस्ता कसा वाचवायचा, हा त्या काळच्या अभियंत्यांपुढचा एक कायमचा प्रश्न होता. मोटारीला गुळगुळीत रस्ता हवा होता. देशातला बहुतेक माल मात्र बैलगाडीवर होता.

११/
उत्तर रबरात होते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ केले. जॉन बॉइड डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. डनलॉप कंपनीचा भारतातला कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू झाला. मोटारींबरोबरच बैलगाडीसाठीही हवेचे टायर बाजारात आले. मराठी मुलखात कंपनीचे नावच गाडीला चिकटले : ‘डनलॉप गाडी’. पुढे नुसती ‘टायरगाडी’.

१२/
तत्त्व सोपे आहे. हवेचा टायर जमिनीवर टेकतो तिथे थोडा चपटा होतो आणि भार रुंद जागेवर पसरतो. जमिनीवरचा दाब साधारणपणे टायरमधल्या हवेच्या दाबाइतका राहतो. म्हणूनच आजही मऊ जमिनीत गाडी नेताना हवा कमी करतात आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरतात. टायरगाडीत याच्या जोडीला बेअरिंग आले. वंगणाच्या नळ्याची यात्रा तिथे संपली. रस्ता वाचला, ओढण्याचे कष्ट घटले. निदान कागदावर तरी बैलाचा जीव सुटला.

१३/
याच काळात ऊसही बदलत होता. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला; ते आजचे वालचंदनगर. १९५० आणि ६० च्या दशकांत भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव आणि सोमेश्वर हे सहकारी कारखाने आले. पूर्वी ऊस शेताजवळच्या गुऱ्हाळात जाई. आता तो मैलोन्‌मैल दूरच्या काट्यावर न्यायचा होता, तोही तोडल्यावर लगेच, कारण वाळलेल्या उसात वजन आणि साखर दोन्ही घटतात. टायरगाडी ही या कारखानदारीची गरज बनली.

१४/
आणि इथे हिशेब फिरला. साध्या गाडीत टनभर माल म्हणजे पुष्कळ. टायरगाडीवर त्याच जोडीमागे दोन-तीन टन ऊस रचला जाऊ लागला. ओढ हलकी झाली, तितके ओझे वाढले. चाकाने बैलाला दिलेली सवलत माणसाने वरच्यावर काढून घेतली. ओझ्याच्या आणि वाहक जनावरांसाठी १९६५ मध्ये झालेल्या नियमांनीही हवेचे टायर असलेल्या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त भाराची मुभा दिली. मर्यादा होती, पण काट्यावर वजन होते ते उसाचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपाने खांदेमळणी होते. सुजलेल्या खांद्याची ती आठवण हंगामभर कोणी ठेवत नाही.

१५/
ओझे बैलापाशी थांबले नाही. बीड, नगर या दुष्काळी भागांतून दरवर्षी ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता बांधलेला. बैल अनेकदा मजुराचे, टायरगाडी बहुधा कारखान्याची. तिचे भाडे मजुराच्या हिशेबातून वळते होते. ‘टायरवाले’ हे या व्यवस्थेत कामगारांच्या एका वर्गाचे नावच झाले. जास्त फेऱ्या आणि जास्त भार, एवढाच उचल फेडण्याचा मार्ग. ज्या चाकाने रस्ता वाचवला, त्याचा खर्च असा हळूहळू सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंगावर आला.

१६/
दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने आणखी एक चाक आणले. अमेरिकी सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीने (१९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा) १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी हाती घेतली. पहिली खेप सुट्या भागांतून जोडायच्या ७५ गाड्यांची होती. त्याआधी १९४४ मध्ये वालचंदांनीही कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. इंदापूरच्या उसाचा आणि मुंबईच्या मोटारीचा मालक एकच.

१७/
युद्धातल्या जीपचे टायर आजच्या डोळ्यांना किरकोळ वाटतील : रुंदी ६ इंच, रिम १६ इंचांची. त्यांवरच्या आडव्या जाड खाचा दोन्ही दिशांना सारख्या, म्हणजे मागे घेतानाही पकड तीच. रुंदी बेताची असल्याने हा टायर वरचा पातळ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जाई. खोल, मऊ रानात मात्र हाच गुण दोष ठरे. चाकाचा गुण चाकात नसतो. तो कोणत्या मातीत उतरले यावर ठरतो.

१८/
म्हणून आजच्या प्रश्नाचे उत्तर. गाडी वर्षभर पुणे-सोलापूर महामार्गावर धावणार आणि कधीमधी शेताच्या वाटेला लागणार असेल, तर ऑल-टेरेन पुरेसे. रोज ओल्या काळ्या रानात जायचे असेल, तर मोठ्या, मोकळ्या खाचांचे मड-टेरेन हवे. ते फिरता फिरता माती झटकून टाकते. बारीक नक्षीच्या टायरमध्ये चिकण बसली की त्याचा गुळगुळीत गोळा होतो. पण डांबरावर मड-टेरेन आवाज करते, लवकर झिजते, इंधन जास्त खाते आणि ओल्या रस्त्यावर थांबायला अधिक अंतर घेऊ शकते. हवा भरायचा छोटा पंप, दाब मोजायचे यंत्र, मजबूत दोर आणि दोन रिकव्हरी बोर्ड, एवढा आजचा ‘नळा’. बाकीची प्रत्येक लोखंडी वस्तू म्हणजे चाकावरचे नवे ओझे, आणि ओझ्याचे काय होते ते टायरगाडीने दाखवले आहे.

१९/
एक वस्तू तर या इतिहासातूनच नाकारावी : पुढे बसवायचा जाड लोखंडी बुल बार. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. कारण तेच, जुने. गाडीच्या तोंडाला ओरखडा येऊ नये म्हणून लावलेले लोखंड समोरच्या पादचाऱ्याला किंवा दुचाकीस्वाराला अधिक जबर मारते. बचाव गाडीचा, किंमत बाहेरच्याची.

२०/
गळिताच्या हंगामात बारामतीहून इंदापूरकडे जाताना हा सारा इतिहास एकाच रस्त्यावर दिसतो. उसाने लादलेली टायरगाडी, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या, आणि त्यांना ओलांडून जाणारी नव्या टायरची फोर-व्हील-ड्राइव्ह. धाव गेली, रबर आले, खाचा बदलल्या. चाक विकत घेणाऱ्याचा हिशेब दुकानातच संपतो. रस्ता, बैल, कोयता आणि पायी चालणारा यांचा हिशेब तिथून पुढे सुरू होतो. टायर निवडताना तोही मांडावा, एवढेच १८३६ पासूनची ही चाकोरी सांगते.