पेटंट वकील नेमकं काय काम करतो? बारामती-इंदापूरच्या अनुभवातून समजून घ्या

“वकीलसाहेब, रील जोरात चाललीय. आता याचं पेटंट करून टाकू.”

इंदापूर तालुक्यातला एक तरुण माझ्या बारामतीच्या ऑफिसात येऊन हे म्हणाला. ऊसतोडीआधी शेतातल्या ठिबकच्या नळ्या गोळा कराव्या लागतात. त्या गुंडाळायचं यंत्र त्यानं स्वतः वेल्डिंग करून बनवलं होतं. मी विचारलं, “रील कधी टाकली?” तो म्हणाला, “झाले दोन महिने.” अडचण नेमकी इथेच होती.

स्वतःचीच रील आड येते

भारतात पेटंट मिळायला शोध नवा लागतो, आणि नवा म्हणजे अर्ज करण्याच्या दिवसापर्यंत जगात कुठेही जाहीर न झालेला. तुम्ही स्वतः टाकलेली रीलही ‘जाहीर करणं’च ठरते. ती डिलीट केली म्हणून झालेली गोष्ट पुसली जात नाही. अमेरिकेत शोध लावणाऱ्याला स्वतः जाहीर केल्यानंतर एक वर्षाची मुभा असते. यूट्यूबवर ते ऐकून आपली मुलं निवांत राहतात. आपल्याकडे तशी सरसकट मुभा नाही. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूला सवलत आहे, पण केंद्र सरकारने त्या प्रदर्शनासाठी अधिसूचना काढलेली असेल तरच.

म्हणून माझ्या कामातला पहिला प्रश्न ‘शोध काय आहे’ हा नसतो. ‘कुणाला दाखवलाय का’ हा असतो.

कशाला कोणतं संरक्षण?

लोक सगळ्यालाच ‘पेटंट’ म्हणतात. वेगवेगळे हक्क निवडून देणं हे बौद्धिक संपदा वकिलाचं मुख्य काम आहे.

- यंत्र किंवा प्रक्रिया: पेटंट, अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे.
- नाव, लोगो: ट्रेडमार्क, १० वर्षे. पुढे नूतनीकरण करता येतं.
- वस्तूचं बाह्य रूप: डिझाइन नोंदणी, १० वर्षे आणि वाढवून आणखी ५.
- ॲपचा कोड, लेख, गाणं: कॉपीराइट. तो आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखन आणि संगीतावर तो निर्मात्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षे राहतो.
- पिकाचं नवं वाण: पेटंट नाही. त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेलं ‘एनएमके-१ गोल्डन’ सीताफळ या वाणांच्या कायद्याखाली नोंदलेलं आहे. पेटंट ऑफिसात गेले असते तर अर्ज टिकला नसता, कारण वनस्पती, बियाणं आणि शेती करण्याची पद्धत यांना पेटंट कायद्यात जागाच नाही.

बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात एआयचा प्रयोग सुरू केल्यापासून माझ्याकडे शेतीची ॲप घेऊन येणारी मुलंही वाढलीत. त्यांना सांगतो की नुसत्या सॉफ्टवेअरला किंवा अल्गोरिदमला पेटंट मिळत नाही. कोड कॉपीराइटमध्ये सुरक्षित राहतो, पण मूळ कल्पना नाही. ॲप, सेन्सर आणि व्हॉल्व्ह मिळून एखादी तांत्रिक अडचण नव्या पद्धतीने सोडवत असतील, तर मात्र पेटंटचा विचार करता येतो.

रोजचं काम कसं असतं?

आधी सर्च. तसा शोध आधी कुणी नोंदवलाय का, हे पेटंट ऑफिसच्या ‘इनपास’ या मोफत साइटवर आणि परदेशी डेटाबेसवर पाहायचं. मग मसुदा. त्यात सगळ्यात अवघड भाग म्हणजे क्लेम. क्लेम म्हणजे तुमच्या शोधाचा बांध समजा. आत घातला तर शेजारी कोरून घेतो, फार बाहेर घातला तर तपासनीस हरकत घेतो.

महाराष्ट्राचे पेटंट अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. अर्ज, उत्तरं सगळं ऑनलाइन चालतं, सुनावणीही व्हिडिओवर होते. त्यामुळे हे काम बारामतीत बसून करता येतं. तात्पुरता अर्ज केला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, ती ३१ महिन्यांच्या आत. तपासनीसाच्या हरकतींना उत्तर द्यायला साधारण ६ महिने. यातली एक तारीख चुकली तरी अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून माझ्या मोबाइलमध्ये सगळ्यात जास्त कशाचा वापर होत असेल, तर तो कॅलेंडरचा.

या क्षेत्रात यायचं असेल तर?

पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी, वय किमान २१ आणि पेटंट एजंट परीक्षा पास, एवढं लागतं. परीक्षेत दोन लेखी पेपर आणि तोंडी असते. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के हवेत. कोर्टात केस लढवायची असेल तर मात्र एलएलबी करून सनद घ्यावी लागते. मी आधी बीई केलं, मग कायदा. मशीनचा ड्रॉइंग वाचता येणं आजही मला रोज उपयोगी पडतं.

खर्च किती?

एकट्या व्यक्तीसाठी पेटंटच्या ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी १,६०० रुपये आहे. तपासणीची फी वेगळी. ट्रेडमार्कला व्यक्तीसाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये. वकिलाची फी याहून वेगळी असते, ती आधी लेखी विचारून घ्या.

त्या तरुणाचं पुढे काय झालं?

रीलमध्ये दिसलेल्या यंत्राचं पेटंट मिळणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, “पण सर, नंतर मी त्यात क्लच बसवलाय. नळी ताणली की रीळ आपोआप सुटतं, नळी तुटत नाही.” ते कुणाला दाखवलं होतं का? फक्त थोरल्या भावाला. त्या सुधारणेपुरता तात्पुरता अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला आणि यंत्राच्या नावाचा ट्रेडमार्कही टाकला. मंजुरीची खात्री मी दिली नाही, कुठलाच वकील देऊ शकत नाही.

क्लचची रील त्यानं अर्जाचा नंबर हातात आल्यावर टाकली.