माथ्यावरचा बोजा



परवा इल्फर्ड लेनवर एका दुकानापुढे गाडी रिकामी होत होती. एक मराठी मुलगा तांदळाच्या २० किलोच्या दोन गोण्या एकावर एक घेऊन निघाला. समोरचे दिसत नव्हते. पायरीशी अडखळला, कसाबसा सावरला. मी पुढे झालो तर म्हणाला, "जमतंय हो काका!" ते ऐकून मला मशीद बंदरचे माथाडी आठवले.

माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. साताऱ्याकडून, पुण्याकडून आलेली ही माणसे मुंबईच्या घाऊक बाजारात १०० किलोची पोती वाहत. काम टोळीने आणि मालक रोज निराळा. मग पाठ कामातून गेली तर जबाबदार कोण? कोणीच नाही. १९६० नंतरच्या वर्षांत अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि कामगार दोघांचीही मंडळाकडे नोंद होऊ लागली. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी.

पोते मात्र लगेच हलके झाले नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती. तरी ५० किलोच्या गोणीसाठी माथाडींना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले.

इकडे ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९३ पासून ओझे हाताळण्याचे नियम लागू आहेत. त्यांत किलोची मर्यादा नाही, क्रम आहे: हाताने उचलणे टाळता येते का पाहा, नसेल तर धोका तपासा आणि तो कमी करा. ही जबाबदारी मालकाची. सरकारी मार्गदर्शनात पुरुषाला २५ किलो आणि स्त्रीला १६, तेही कमरेच्या उंचीवर, अंगाशी धरून. वाकावे लागले, हात लांबले की आकडा झपाट्याने उतरतो. म्हणून अवाढव्य खोके हलके असले तरी धोक्याचेच. ते अंगाशी धरता येत नाही आणि वाटही दिसत नाही.

आपल्या घरांतली मुले सुट्टीत गोदामांत कामाला जातात. त्यांना एवढे जरूर सांगावे: "एकट्याने जमणार नाही, जोडीला कोणी द्या" म्हणण्यात कमीपणा नाही. माथाडींनी एकजुटीने तोंड उघडले तेव्हा कायदा झाला. इथे कायदा आहे. तोंड मात्र आपले आपणच उघडायचे.