वसईचा किल्ला भाईंदरच्या काठावरून पाहताना

१/ भाईंदरहून नायगावकडे निघालेली लोकल खाडीच्या पुलावर येते, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेकदा पाहावे. उजवीकडे, आत, घोडबंदरचा किल्ला. डावीकडे, खाडीच्या मुखाशी, धारावीचा किल्ला (मुंबईतील धारावी नव्हे; उत्तनजवळच्या चौक गावचा). वसईच्या विजयाची कथा या दोहोंवाचून अपुरी राहते.

२/ डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे वसई त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. तिचे खरे बळ केवळ तटात नव्हते, पाण्यात होते. समुद्र व खाडी या दोन वाटांनी तिला दारूगोळा, धान्य व माणसे मिळत.

३/ म्हणून चिमाजी आप्पांच्या मोहिमेचा आरंभ वसईच्या तटावर न होता साष्टीत झाला. आजचे मीरा-भाईंदर त्याच साष्टी बेटाचा भाग. मार्च १७३७ मध्ये ठाणे पडले. त्याच वर्षी घोडबंदरही मराठ्यांकडे आले. खाडीची आतली वाट बंद झाली.

४/ मुख मात्र उघडे होते. वसईच्या समोरच्या काठावर असलेल्या धारावीच्या टेकडीवर तोफा चढल्या, तर खाडीत शिरणारे गलबत माऱ्यात येई. हे दोन्ही पक्ष जाणून होते. म्हणूनच या उजाड टेकडीसाठी इतका रक्तपात झाला. अखेर मार्च १७३९ मध्ये ती मराठ्यांच्या ताब्यात आली.

५/ दरम्यान व्यंकटराव घोरपडे गोव्यावर चालून गेले होते. राजधानीच संकटात, मग वसईला कुमक कोठून यावी? मे १७३९ मध्ये सुरुंगांनी बुरूज ढासळला आणि वसईने तह केला. पराभूतांना कुटुंबांसह सन्मानाने जाऊ दिले गेले.

६/ हा ताबा चिरकाल टिकला नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, त्यापाठोपाठ साष्टीही गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले.

७/ वसईचा भव्य तट आपण आवर्जून पाहतो. धारावीला पाहण्याजोगे अवशेष थोडेच उरले आहेत, म्हणून तिकडे कोणी वळत नाही. परंतु किल्ल्याचे महत्त्व उरलेल्या दगडांवरून ठरत नाही. त्याने कोणती वाट रोखली, यावरून ठरते. एकदा त्या टेकडीवर उभे राहून समोर वसईकडे पाहा. १७३९ चा वेढा नकाशाविना उमगेल.